चालायचं असेल तर गाडी काढा

गावाबाहेर बायपासला होर्डिंग लागलंय. तुमच्याही तालुक्याला लागलं असेल. नसेल तर दिवाळीपर्यंत लागेल. वर धुक्यातला हिरवागार डोंगर, जो आमच्या दुष्काळी तालुक्यानं श्रावणातही कधी पाहिलेला नाही. खाली सायकलवरून निघालेलं चौकोनी कुटुंब. चौघांतल्या एकाच्याही केसांत धूळ नाही. मजकूर असा : निसर्गाच्या कुशीत पर्यावरणपूरक वसाहत, कलेक्टर एनए, सातबारा स्वतंत्र, लोनची सोय, बसस्थानक अवघ्या सात मिनिटांवर.

सात मिनिटं कशानं, ते लिहिलेलं नाही. एजंटाला विचारलं तर तो दयेनं बघतो. "गाडीनं हो साहेब. चालत कोण येतंय?"

हवा मात्र खरंच शुद्ध आहे. अजून कुणी राहायला आलेलं नाही ना.

जागेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. इथं शाळूचं रान होतं. बांधावर कडुनिंब, एक जुनी चिंच, कोपऱ्यात विहीर, पलीकडून ओढा. मग जेसीबी आला. बांध गेले, बांधाबरोबर झाडं गेली. विहीर मुरमानं बुजवली, कारण ती नेमकी कॉर्नरच्या प्लॉटात येत होती आणि कॉर्नरचा प्लॉट गुंठ्यामागं महाग जातो. ओढ्याला पाइपात घातलं. निसर्ग असा कुशीतून उचलून बाजूला ठेवला आणि मग रस्त्याच्या दोन्ही कडांना बॉटल पाम लावले. हे झाड सावली देत नाही, सरपण देत नाही, त्याच्यावर पक्ष्याला घरटं बांधणं अवघड. पण रांगेत उभं राहतं आणि फोटोत चांगलं दिसतं. उमेदवारांसारखं.

चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर जमिनीचा लेआउट पाडला, की दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नियम आहे आणि तो पाळतातही. फक्त कुठं सोडतात ते बघण्यासारखं असतं. हाय टेन्शन तारेखाली. ओढ्याच्या काठच्या घसरणीवर. नाहीतर त्या तिरक्या तुकड्यात, जिथं कुठल्याच कोनातून चौकोनी प्लॉट बसला नाही. प्लॉट खपेपर्यंत तिथं 'नियोजित भव्य उद्यान' असा बोर्ड असतो. खपले की पहिल्या वर्षी गणपतीचा मांडव, दुसऱ्या वर्षी मांडवाखाली चौथरा, तिसऱ्या वर्षी चौथऱ्यावर मंदिर आणि चौथ्या वर्षी मंदिराशेजारी आमदार फंडातून सभामंडप. देवाविरुद्ध हरकत कोण घेणार? पोरं खेळायला रस्त्यावर येतात. रस्ता रुंद असतो, त्यामुळे ट्रॅक्टरही तिथं मोकळेपणानं पळतो.

वसाहत पर्यावरणपूरक आहे की नाही हे ठरवायला वास्तुविशारद लागत नाही. माझी एक कोथिंबिरीची कसोटी आहे. पोह्यांवर झाकण ठेवलंय आणि लक्षात आलं की घरात कोथिंबीर नाही. दहा वर्षांच्या पोराच्या हातात दहा रुपये ठेवले, तो एकटा चालत गेला आणि पोहे गार व्हायच्या आत जुडी घेऊन आला, तर वसाहत पास. होर्डिंगवाल्या वसाहतीत पोरगा बायपास ओलांडूच शकत नाही. म्हणून वडील गाडी काढतात. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. गाडीला पन्नासचं ॲव्हरेज धरा आणि पेट्रोलचा हिशेब करा. जुडीपेक्षा पेट्रोल महाग पडतं. किराणा, दूध, पिठाची गिरणी, केस कापायचं दुकान, दवाखाना, शाळा, सगळ्याचा हिशेब असाच. घरात माणसं चार, दुचाक्या तीन आणि गच्चीवर सोलर. सोलरमुळे वसाहत हिरवी.

शेजारच्या लेआउटमधून जायची सोय आहे का? नाही. प्रत्येक प्लॉटिंगवाल्यानं आपापली कमान उभी केली आणि पाठीमागं भिंत घातली. दोन लेआउटांतल्या दोन बहिणींची घरं पाठीला पाठ लावून असतात, भांड्यांचा आवाज ऐकू येतो, पण वाटीभर साखर मागायची तर एकीनं आपल्या कमानीतून हायवेला यायचं, हायवेनं पुढं जायचं आणि दुसरीच्या कमानीतून आत शिरायचं. नियमावली म्हणते की लेआउटचे रस्ते आजूबाजूच्या रस्त्यांशी जुळवून घ्यावेत. रस्ते जुळवून घ्यायला तयार असतात. भागीदार नसतात.

गंमत म्हणजे चालण्याजोगी वसाहत आमच्या गावात आधीपासून आहे. तिला पेठ म्हणतात आणि सगळे ती सोडून चाललेत. एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला मारुती. या दोन टोकांत किराणा, कापड, सोनार, शिंपी, गिरणी, दोन शाळा, तीन डॉक्टर आणि राजकारणावर बोलायला पार. खाली दुकान, वर घर. भिंतीला भिंत, त्यामुळे उन्हाला घरात शिरायला एकच बाजू सापडते. गल्ली अरुंद, म्हणून दुपारी एकलाही एका कडेला सावली. ओट्यावर बसलेल्या आजीच्या नजरेखालून चोरही जात नाही आणि कुणाची मुलगीही. (दुसऱ्याचा त्रास होतो, मान्य.) बाहेरगावचे तज्ज्ञ ज्याला मिश्र वापर, दाट वस्ती, पायी अंतर म्हणून स्लाइडवर दाखवतात, ते पेठेत फुकट पडलेलं आहे.

मग लोक पेठ का सोडतात? गटार तुंबतं म्हणून. गाडी लावायला जागा नाही म्हणून. चुलत्याबरोबर वाटणीचा दावा चालू आहे म्हणून. आणि काँक्रीटमुळे. दर निवडणुकीआधी रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर पडतो. जुना थर खरवडून काढायचा असतो हे टेंडरमध्ये असतं की नाही ठाऊक नाही. रस्त्यावर तरी दिसत नाही. पूर्वी घरात जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत, आता दोन उतराव्या लागतात. पावसाळ्यात पाणीही त्याच दोन पायऱ्या उतरून आत येतं. मग माणूस वैतागून बायपासला प्लॉट घेतो आणि तिथं पाणी नाही म्हणून बोअर मारतो. शेजारी त्याच बोअरला लागून शोषखड्डा घेतो. पर्यावरणाचं चक्र म्हणतात ते हेच असावं.

गटार दुरुस्त करणं नव्या वसाहतीपेक्षा स्वस्त आहे. पण गटाराची फीत कापता येत नाही.

खरा घाव मात्र गटाराचा नाही, सरकारी कार्यालयांचा आहे. आधी तहसील बाहेर गेलं, मग कोर्ट, मग पंचायत समिती, मग ग्रामीण रुग्णालय. आता स्टँड जाणार म्हणतात. कारण काय? गावात पार्किंगला जागा नाही. म्हणजे जी माणसं एसटीनं येतात, चालत तहसिलात जातात, त्यांच्या सोयीसाठी कार्यालय अशा ठिकाणी नेलं जिथं गाडी लावता येते. खरं कारण साधं आहे : गावात सरकारी जागा उरलेली नाही, गायरान गावाबाहेर आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. हे पैसे मग संजय गांधी निराधार योजनेचा कागद घेऊन आलेली म्हातारी भरते, दर खेपेला, रिक्षावाल्याला. 'साहेब नाहीत, उद्या या' म्हटलं की दुप्पट भरते.

नवं कार्यालय कुठं होणार हे सामान्य माणसाला उद्घाटनाच्या फ्लेक्सवरून कळतं. समोरच्या शेताच्या खरेदीखताची तारीख काढून बघा. काही लोकांना ते फार आधी कळलेलं असतं. दिव्यदृष्टी फक्त संजयला होती असं नाही.

कार्यालय गेलं की त्याच्यामागं झेरॉक्सवाला जातो, स्टॅम्पव्हेंडर जातो, वकिलांची टेबलं जातात, चहावाला जातो, वडापचा थांबा जातो. पाच वर्षांत पेठेतली निम्मी गिऱ्हाइकी बायपासला. तेव्हा वसाहतीची रचना कोण करतं? नगररचनाकार नव्हे. ज्या फायलीवर 'इमारतीसाठी जागा उपलब्ध' असा शेरा पडतो, ती फाइल करते. त्या एका शेऱ्यानं हजार दुचाक्या विकल्या जातात. शोरूमही बायपासलाच आहे.

आपल्याकडे कुणाला गाव वसवता आलं नाही असं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गालगत वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावानं जयसिंगपूर वसवलं. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'सातवी गल्ली' म्हणतो आणि थांबतो. त्याच्या आधी सात वर्षं, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. किर्लोस्करवाडीत कामगार घरातून निघून पायी कारखान्यात पोचायचा. जयसिंगपुरात आज गर्दी आहे, वाहनं आहेत, कुरकुर आहे. पण दोन्ही ठिकाणी क्रम बरोबर होता. आधी स्टेशन, मग काम किंवा बाजार, मग घर. आपला क्रम बघा : आधी प्लॉट, मग बुकिंग, मग खरेदीखत, मग भाव वाढायची वाट. घर कशाला हवं? प्लॉट बांधण्यासाठी नसतो, विकण्यासाठी असतो. आमच्या बायपासच्या दोन्ही अंगांना मैलभर हद्दीचे दगड उभे आहेत. त्यातल्या बहुतेक प्लॉटांवर गवत आहे आणि गवतावर कर्ज. रान पिकत होतं तेव्हा निदान ज्वारी तरी निघायची.

अर्थात सल्लागारांना जयसिंगपूर चालत नाही, जर्मनी लागते. फ्रायबुर्ग शहराच्या कडेला वाउबान नावाची वस्ती आहे, ती प्रत्येक सादरीकरणात येते. वस्ती चांगलीच आहे. जुन्या लष्करी बराकींच्या जागेवर उभी राहिली. गाडी ठेवायची तर वसाहतीच्या कडेच्या गॅरेजात जागा विकत घ्यावी लागते, दारात लावता येत नाही. शाळा, दुकानं चालत जाण्याच्या अंतरात, आणि २००६ पासून ट्राम थेट वस्तीत येते. आमच्या सल्लागारानं त्यातलं काय घेतलं? सायकलचं चित्र. ट्रामच्या जागी आमच्याकडे एसटी आहे, आणि ती वसाहतीच्या कमानीशी थांबावी म्हणून आगाराला साधा अर्जही कुणी केलेला नाही. अर्ज केला तर लोक एसटीनं फिरतात असं दिसेल आणि प्लॉटचा दर्जा खाली येईल.

कारण चालणं आमच्याकडे गरिबीचं लक्षण आहे. अपवाद एकच : पहाटेचं चालणं. डॉक्टरांनी साखरेसाठी सांगितलेलं चालणं प्रतिष्ठित असतं. त्यासाठी नगरपंचायतीनं गावाबाहेर जॉगिंग ट्रॅक केला आहे, शेजारी ओपन जिम, 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव अशी दिव्यांची अक्षरं. पहाटे साडेपाचला ट्रॅकबाहेर पन्नास गाड्या उभ्या असतात. माणूस गाडीनं चालायला जातो, चालतो, गाडीनं परत येतो आणि नऊ वाजता समोरच्या बँकेत जायला पुन्हा गाडी काढतो. बँकेपर्यंत चालला असता तर तेवढीच पावलं झाली असती. पण बँकेच्या वाटेवर फूटपाथ नाही.

म्हणजे आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आमचा फूटपाथ गुडघ्याइतका उंच आहे. त्याच्यावर ट्रान्सफॉर्मर, पानटपरी, वाढदिवसाच्या फ्लेक्सचे वासे आणि एक बंद पडलेलं वॉटर एटीएम आहे. म्हातारं माणूस त्याच्यावर चढत नाही, चढलं तर उतरत नाही. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पादचाऱ्याला वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आमच्या गावात हा हक्क ट्रान्सफॉर्मरच्या मागच्या बाजूला आहे. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. २०२२ मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार माणसं गेली; त्यातली पाचातली एक पायी चालणारी होती. ती कुणाला धडकली नव्हती, कुठल्या वेगमर्यादेचा भंग करत नव्हती.

राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश ही पंचमहाभूतं. कल्पना चांगली. आमच्या नगरपंचायतीनं पाचही महाभूतं शाळेच्या भिंतीवर रंगवली. वडाचं चित्र तर इतकं हुबेहूब आलंय की त्याच्यासमोरचा खरा वड रुंदीकरणात गेल्याचं नवख्याला सांगूनही पटत नाही. जी झाडं उरली त्यांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत. झाडाला पाणी हवं असेल तर त्यानं ब्लॉक उचकटून घ्यावं. काही झाडं तसं करतात. मग ठेकेदाराला दुरुस्तीचं नवं टेंडर निघतं.

शंभर वर्षांपूर्वी एक स्कॉटिश म्हातारा हे सगळं सांगून गेला. पॅट्रिक गेडीस. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांची पद्धत साधी होती. आधी गावातून पायी हिंडायचं, मग नकाशाला हात लावायचा. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळसोट रुंद रस्ते काढणाऱ्या इंजिनिअरांवर त्यांचा राग असे. एखादं पडकं घर काढा, त्या जागी छोटा चौक होऊ द्या, तिथं झाड लावा, विहीर साफ करा, गल्लीला गल्लीच राहू द्या, एवढंच ते म्हणत. होळकरांच्या इंदुरात काम करत असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यावरची घरं जास्त झाडलेली, दुरुस्त केलेली, त्या रस्त्यानं मिरवणूक जाईल. प्लेगचे दिवस होते, मिरवणुकीत उंदराचाही पुतळा होता. लोकांनी मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून कचरा काढला. आमच्याकडे मिरवणुका भरपूर आहेत. त्या जाऊन आल्यावर कचरा काढावा लागतो, एवढाच फरक.

गेडीस आज आमच्या गावात आले असते तर नगरपंचायतीत त्यांना पहिला प्रश्न विचारला असता, 'गाडी कुठं लावली?'

आता कामाचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नावाचा कायदा आहे. गावाचा विकास आराखडा त्यानुसार होतो. कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. नोटीस वर्तमानपत्रात येते, बहुधा दशक्रिया विधीच्या जाहिरातीशेजारी, म्हणून दिसत नाही. एजंट लोक ती जाहिरात पहिली वाचतात. तुम्हीही वाचा. बाग, मैदान, शाळा यांची आरक्षणं मागच्या आराखड्यातही होती. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, की कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, तरी पालिका झोपून राहते आणि आरक्षण मरतं. तेव्हा नुसता हिरवा रंग बघून खूष होऊ नका, मागच्या वेळच्या हिरव्याचं काय झालं ते विचारा.

नकाशा भिंतीवर असतो. माणूस जातो, आपलं घर शोधतो, त्यावरून रस्ता गेलेला नाही हे बघतो आणि घरी येऊन झोपतो. यावेळी पाच मिनिटं जास्त थांबा. स्टँड कुठं दाखवलाय? शाळेचं आरक्षण पेठेपासून पायी किती? नव्या लेआउटचे रस्ते एकमेकांना भिडतात की भिंतीला? ओपन स्पेस मधोमध आहे की ओढ्यात? आणि कार्यालयासाठी जी जागा रंगवली आहे, तिच्या समोरचं शेत कुणाचं? हरकत लेखी द्या, आणि आवक क्रमांक व शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.